चिंचोके, कवड्या आणि डेबिट-क्रेडिट

अकरावी कॉमर्सच्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारा, "रिअल अकाउंटचा नियम काय?" डोळे न उघडता उत्तर येईल, "डेबिट व्हॉट कम्स इन, क्रेडिट व्हॉट गोज आऊट." आता पुढचा प्रश्न विचारा, "का?" इथे मात्र डोळे उघडतात.

मंडळी, या 'का'वर आज थोडं लिहायचं आहे. शनिवार आहे, बाहेर पाऊस आहे आणि चहा झालेला आहे.

आता एका इंजिनिअरने अकाउंट्सवर बोलायचं म्हणजे न्हाव्याने जिलेबी तळण्यासारखं आहे, हे मान्य. पण माझी रोजीरोटी बिलिंगच्या सॉफ्टवेअरवर चालते. इनव्हॉइस, लेजर, क्रेडिट नोट, जीएसटी, परतावा असल्या गोष्टींच्या टेबलांत दिवसाचे नऊ तास जातात. कॉलेजच्या चार वर्षांत या विषयाचा वासही आम्हाला लागला नव्हता. नोकरीत शिरल्यावर सगळं शिकावं लागलं. गंमत अशी की शिकल्यावर हा विषय मला आमच्या डेटा स्ट्रक्चर्सच्या पेपरपेक्षा सुंदर वाटला. प्रत्येक व्यवहार दोनदा लिहायचा आणि दोन्ही बाजू जुळल्याच पाहिजेत. म्हणजे कॉम्प्युटरच्या पाचेकशे वर्षं आधी कोणीतरी चेकसम लिहून ठेवला होता की! इतक्या सुंदर गोष्टीचा पोरांना कंटाळा येतो, तर दोष पोरांचा नक्कीच नाही.

माझं स्पष्ट मत असं आहे. हिशेब आधी हाताने शिकवावा, वही नंतर उघडावी. हाताने म्हणजे खरोखर हाताने. उचलायच्या, सरकवायच्या, मोजायच्या वस्तू हव्यात. नियम सगळ्यात शेवटी.

आपण उलट करतो. पहिल्या आठवड्यात तीन प्रकारची खाती, तीन सोनेरी नियम. पर्सनल, रिअल, नॉमिनल. दुसऱ्या आठवड्यात रोजकीर्द. मग खतावणी, मग तेरीज, आणि सगळ्यात शेवटी, पोरं अर्धमेली झाल्यावर, ताळेबंद. म्हणजे क्रिकेट शिकवताना आधी डकवर्थ-लुईस आणि शेवटी बॅट दाखवायची, असला प्रकार. ताळेबंद हे अख्ख्या विषयाचं चित्र आहे, ते पहिल्या दिवशी दिसायला हवं.

त्यात बँकवाले भर घालतात. पोरगं क्लासमध्ये शिकून येतं की रोकड आली की कॅश डेबिट. घरी येतं तर बाबांच्या मोबाईलवर मेसेज, 'तुमचं खातं अमुक रुपयांनी क्रेडिट झालं आहे.' पैसे आले आणि क्रेडिट? क्लासच्या सरांना विचारलं तर "ते बँकेचं वेगळं असतं, तू पेपरात असंच लिही." संपलं. वास्तविक उत्तर दोन वाक्यांचं आहे. मेसेज बँकेच्या वहीतला आहे, आणि बँकेच्या दृष्टीने तुमचे पैसे म्हणजे तिने तुम्हाला द्यायचं देणं. देणं वाढलं की क्रेडिट. पण ही दोन वाक्यं कळायला 'कोणाच्या वहीत बसून बघतोय' हे आधी डोक्यात बसावं लागतं, आणि ते पाठांतराने बसत नाही.

माझी एक मावसबहीण आहे, चिंचवडला. दहावीला उत्तम मार्क, सीए व्हायचं म्हणून हौसेने कॉमर्स घेतलेलं. पहिल्या चाचणीत अकाउंट्समध्ये पंचवीसपैकी सहा. घरात सुतक. मावशीचा फोन, "अरे, ती म्हणत्ये मला हे जमणारच नाही, आर्ट्सला जाते. तू ते कॉम्प्युटरवर करतोस ना, जरा बघ." सोळा वर्षांची पोरगी एका चाचणीवरून स्वतःबद्दल कायमचा निकाल लावून मोकळी झाली होती. त्या निकालावर तिची पुढची पाच-सात वर्षं ठरणार होती. म्हणून मग एक रविवार काढला.

सामान काय, तर एक जुना कार्डबोर्ड, मध्ये रेघ. डावीकडे लिहिलं 'काय आहे', उजवीकडे 'कोणाचं आहे'. डावीकडे ठेवायला चिंचोके, उजवीकडे कवड्या. (चिंचवडला चिंचोके, निव्वळ योगायोग.) एक चिंचोका किंवा एक कवडी म्हणजे शंभर रुपये. नियम एकच: पटावर जितके चिंचोके, तितक्याच कवड्या. डाव्या बाजूचा प्रत्येक शंभर रुपया कोणाचा तरी असलाच पाहिजे, बेवारस नको.

धंदा तिनेच निवडला, वडापावची गाडी. स्वतःचे पाच हजार घातले: गल्ल्यात पन्नास चिंचोके, 'मालक'मध्ये पन्नास कवड्या. माझ्याकडून, म्हणजे खेळातल्या मामाकडून, तीन हजार उसने: गल्ल्यात आणखी तीस, 'मामा'मध्ये तीस कवड्या. सात हजारांची गाडी आणि शेगडी घेतली. इथे तिने पटकन कवड्यांकडे हात नेला आणि थांबली. "दादा, उजवीकडे काहीच नाही ना हलत? गल्ल्यातले सत्तर फक्त गाडीत गेले." बरोब्बर. मग किराणावाल्याकडून दोन हजारांचा माल उधारीवर: 'माल'मध्ये वीस चिंचोके, 'किराणावाले'मध्ये वीस कवड्या. डावीकडे शंभर, उजवीकडे शंभर. किराणावाले झाले तिचे बाबा, आणि मिशीला ताव देत त्यांनी ती भूमिका फारच मनावर घेतली.

आता विक्री. माल सगळा संपला, विकला साडेतीन हजारांना. त्यातले पाचशे रोख, आणि तीन हजारांची सोसायटीच्या गणपतीची ऑर्डर, तीही उधार. सोसायटीच्या अध्यक्षा म्हणजे आजी. मालाचे वीस चिंचोके पटावरून गेले, गल्ल्यात पाच आले, 'येणं' अशा नव्या चौकटीत तीस आले. मोजणी: गल्ला पंधरा, येणं तीस, गाडी सत्तर. एकशे पंधरा. उजवीकडे अजून शंभरच. पंधरा चिंचोके बेवारस.

"हे कोणाचे?" मी विचारलं.

बराच वेळ ती नुसतीच बघत राहिली. मामाचे नाहीत, त्याचे तीस ठरलेले. किराणावाल्याचे नाहीत. मग म्हणाली, "माझेच की!" आणि 'मालक'च्या शेजारी पंधरा कवड्या ठेवल्या. नफा या शब्दाची व्याख्या तिने पुस्तकात वाचली होती, पण नफा मालकाच्या बाजूला का लिहायचा, हे तिला त्या क्षणी कळलं. मी काहीही शिकवलं नव्हतं. पंधरा चिंचोक्यांनी शिकवलं.

खरी मजा पुढे आहे. किराणावाले वसुलीला आले. "दोन हजार, आत्ता." गल्ल्यात पंधराशे. "पण मला तर दीड हजार नफा झालाय!" "मग दे की." आजीकडे गेली, तर आजी म्हणाली, "वर्गणी जमली की देते हो बाळ." शेवटी मामाकडून आणखी पाचशे काढून किराणावाल्यांना वाटेला लावलं. गल्ल्यात शून्य, येणं तीस, गाडी सत्तर. उजवीकडे मालक पन्नास, मामा पस्तीस, नफा पंधरा. शंभराला शंभर. वही जुळली आणि उद्याचे बटाटे आणायला दमडी नाही!

नफा आणि रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वाक्य प्रत्येक पुस्तकात असतं. पण नफ्यात असलेला माणूस वसुलीवाल्याला तोंड चुकवतो, हे त्या पोरीने अंगावर घेतलं. छोट्या धंद्यांची माती याच जागी होते. आमच्या सॉफ्टवेअरचे गिऱ्हाईक असलेले चांगले मोठे लोकही 'बिल केलं म्हणजे पैसे आले' अशा थाटात वावरतात.

मग घसारा. महिनाभरात गाडी झिजली असं धरून दोन चिंचोके उचलायला सांगितले. "कोणाला देऊ?" कोणालाच नाही. ते झिजले, बाजूच्या वाटीत टाक. आता उजवीकडच्या दोन कवड्या कोणाच्या काढायच्या? मामाच्या काढून बघ. मामा (म्हणजे मी) लगेच भांडायला उठला. अर्थात मालकाच्याच जाणार, नफा तेरावर आला. अठ्ठ्याण्णवला अठ्ठ्याण्णव. एक पैसा खर्च न होता नफा कमी होतो, हे भल्याभल्यांना पटत नाही. तिला पटलं, कारण वाटीतले दोन चिंचोके समोर दिसत होते.

संध्याकाळी वही काढली तेव्हा मी इतकंच सांगितलं: डावीकडे चिंचोके वाढले की डेबिट, उजवीकडे कवड्या वाढल्या की क्रेडिट, कमी झाले की उलट. खर्चाने मालकाच्या कवड्या कमी होतात म्हणून खर्च डेबिट, उत्पन्नाने वाढतात म्हणून उत्पन्न क्रेडिट. डावं-उजवं हा निव्वळ रिवाज आहे. आपल्या जुन्या देशी पद्धतीच्या रोकडवहीत डावी बाजू जमेची आणि उजवी नावेची असायची, आणि त्यांचे हिशेबही जुळतच होते.

पुढच्या चाचणीत पैकीच्या पैकी वगैरे चमत्कार झाला नाही. पंचवीसपैकी चौदा. पण आर्ट्सचं नाव बंद झालं, आणि आता अडली की फोनवर विचारते, "दादा, यात कवडी कोणाची?" प्रश्न बरोबर विचारता येतो म्हणजे अर्धं काम झालं.

आता कोणी म्हणेल, हे बालवाडीचे चाळे अकरावीला कशाला? तर या विषयाची सुरुवातच अशी झालेली आहे. पश्चिम आशियात दहा हजार वर्षांपूर्वीपासूनचे मातीचे छोटे गोळे, शंकू, चकत्या सापडतात. डेनिस श्मांट-बेसेरा या संशोधक बाईंचा सिद्धांत असा की ही धान्याची आणि जनावरांची मोजणी होती. पुढे हे तुकडे मातीच्या पोकळ गोळ्यात बंद करून वर त्यांचे ठसे उमटवू लागले, आणि त्या ठशांतून लिपी निघाली. म्हणजे बाईंचं खरं मानलं तर आपण लिहायला शिकलो तेच मुळी हिशेबाच्या खड्यांमुळे! मध्ययुगीन इंग्लंडात सरकारी जमाबंदी चौकटी-चौकटींच्या कापडावर सोंगट्या मांडून व्हायची. तिथल्या खजिन्याच्या खात्याला 'एक्स्चेकर' म्हणतात ते त्या बुद्धिबळाच्या पटासारख्या कापडावरून. पावती म्हणजे खाचा पाडलेली काठी, उभी चिरून अर्धी घेणाऱ्याकडे, अर्धी देणाऱ्याकडे. दोन्ही अर्धुकं एकमेकांना जुळली की हिशेब खरा. त्या काठीचं नाव टॅली. १८३४ साली असल्या जुन्या काठ्या जाळून टाकताना आग भडकली आणि लंडनचं पार्लमेंट जळून गेलं, हे जाता जाता.

आणि दुहेरी नोंद पद्धतीवर पहिलं छापील विवेचन करणारा लुका पाचोली? १४९४ साली व्हेनिसमध्ये त्याचा गणिताचा ग्रंथ निघाला, त्यात हिशेबावरचं प्रकरण होतं. याच माणसाने आकड्यांची कोडी आणि हातचलाखीचे खेळ यांचा एक अख्खा ग्रंथ लिहिला, आणि बुद्धिबळावरही एक. बुद्धिबळाचं ते हस्तलिखित हरवलेलं होतं, ते २००६ साली इटलीत एका जुन्या संग्रहात सापडलं. विषयाचा आद्य मास्तर स्वतः खेळिया होता, आणि आपण त्याचा विषय शिकवतो तो तोंडावर इस्त्री करून.

विज्ञानाच्या बाबतीत हे आपल्याला पटलेलं आहे. अरविंद गुप्तांनी पुण्यात आयुकात बसून काडेपेट्या, स्ट्रॉ आणि सायकलच्या ट्यूबमधून किती प्रयोग उभे केले! ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला शंख-शिंपले, बिया, दगड यांतून बालवाडीची साधनं केली. मग कॉमर्सच्या मुलांनीच काय घोडं मारलंय? त्यांच्या वाट्याला फळ्यावर आखलेला 'टी' आणि अपेक्षित प्रश्नसंच.

एक सावधगिरी मात्र हवी. 'खेळ' म्हणून जे बाजारात मिळतं त्यातलं बरंचसं मला खेळ वाटत नाही. अॅपमध्ये बहुपर्यायी प्रश्न, उत्तर बरोबर आलं की सोनेरी नाणं, दहा नाण्यांना बिल्ला. ती कडू गोळीवर पेढ्याची टिकली आहे, आत गोळी तीच. तिथलं नाणं आणि हिशेब यांचा काही संबंध नसतो. आमच्या पटावर चिंचोका हाच हिशेब.

शिवाय खेळ काय शिकवेल याचा भरवसा नसतो. आपण सगळे लहानपणी 'व्यापार' खेळलो. त्याचा पूर्वज एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंनी केला, १९०४ साली पेटंट घेतलं. जमीनमालक भाड्यावर कसे गब्बर होतात आणि बाकीचे कसे भिकेला लागतात, ते लोकांना दिसावं म्हणून. झालं काय? लोकांना गब्बर होण्यातच मजा वाटली. १९३५ पासून मोनोपॉली नावाने तो जगभर विकला गेला आणि बाईंचा धडा कुठल्या कुठे गेला. तेव्हा खेळ झाल्यावर शिक्षकाने बोलणं आणि पोरांनी वही लिहिणं अपरिहार्य आहे. जपानमध्ये हे चांगलं जमवलंय. सोनीमध्ये १९७६ साली तयार झालेला एक 'मॅनेजमेंट गेम' आहे. प्रत्येक जण पटावर आपापली कंपनी चालवतो, आणि प्रत्येक डावाअखेर आपले हिशेब स्वतः, हाताने, पुरे करतो. सहसा दोन दिवसांत पाच वर्षांचे. हिशेब हा त्या खेळाचाच भाग आहे, शेवटी माथी मारलेला गृहपाठ नाही.

"त्यापेक्षा सरळ टॅली शिकवा ना," हा आमच्या क्षेत्रातल्या मित्रांचा लाडका सल्ला. टॅली उत्तम आहे, नोकरीला लागतं, जरूर शिकवा. पण नंतर. न जुळणारं व्हाउचर टॅली घेतच नाही, त्यामुळे न जुळणं म्हणजे काय हे पोराला कधी दिसतच नाही. आणि जुळलेलं पण चुकीचं असेल तर टॅलीला काय कळणार? हा बग सगळ्यात वाईट, कारण कंपाइल व्यवस्थित होतो.

आमच्या पटावर ते करून बघता येतं. संपलेल्या तेलाचे चिंचोके वाटीत न टाकता गुपचूप गाडीच्या चौकटीत ठेवा. नफा फुगला, आणि पट जुळतो! २००२ मध्ये अमेरिकेतल्या वर्ल्डकॉमने नेमकं हेच केल्याचं बाहेर आलं. रोजचा खर्च मालमत्ता म्हणून दाखवला, आणि पहिल्या खुलाशातच आकडा होता ३.८ अब्ज डॉलर. आपल्या क्षेत्रातलं सत्यम तर सगळ्यांना आठवत असेल. जानेवारी २००९ मधल्या कबुलीपत्रात ५,०४० कोटी रुपयांची नसलेली रोकड आणि बँक शिल्लक. हा प्रकार चिंचोक्यांत करताच येत नाही, कारण नसलेला चिंचोका वाटीत ठेवता येत नाही. कागदावर येतो. ऑडिट म्हणजे काय, हे मावसबहिणीला समजावायला मला एवढंच वाक्य लागलं: किराणावाल्या काकांनी येऊन चिंचोके मोजणे.

मर्यादा आहेतच. भागीदाराचा प्रवेश, गुडविल, शेअर जप्ती असल्या बारावीच्या प्रकरणांत चिंचोके दमतात. ओढूनताणून खेळवता येईल, पण तिथे कागदच बरा. शिक्षकांचं म्हणणंही ऐकलंय: वर्गात शंभर पोरं, छोटा तास, पोर्शन संपवायचा. बरोबर आहे. पण पाच-पाच जणांचे वीस पट एका सभागृहात मांडता येतात, आणि वर्षाच्या सुरुवातीचे दोन शनिवार दिले तर पुढच्या 'का'च्या उत्तरांचा जो वेळ वाचतो तो कितीतरी जास्त आहे. गोंगाट होणार, हे खरं. किराणावाले वसुलीला आले की गोंगाट होतोच.

कोणाला घरी करून बघायचं असेल तर: दीडशे चिंचोके, दीडशे कवड्या (न मिळाल्यास शर्टाची बटणं), एक पुठ्ठा, एक वाटी. मामा, किराणावाले आणि उधार गिऱ्हाईक ही कामं खऱ्या माणसांना द्या, नुसती नावं लिहू नका. भांडल्याशिवाय येणं-देणं कळत नाही. दुसऱ्या डावात जीएसटी घाला. गिऱ्हाईकाकडून घेतलेल्या कराचे चिंचोके गल्ल्यात येतात आणि कवड्या 'सरकार' नावाच्या चौकटीत जातात. आमच्याकडे सरकार आजी झाली होती, आणि सोसायटीची उधारी अजून बाकी असूनही कर मात्र तिने वेळेवर मागितला.